चंद्राची पट्टी

बिल्किस आपानं मला उभ्या आयुष्यात एकदाही गोड बोलून गोळी दिली नाही. पंचवीस वर्षं तिच्या दुकानाची पायरी चढलो. दर वेळी आधी बोलणी खाल्ली, मग औषध मिळालं. आता ती नाही. तिच्या आधी चार महिने माझी गया गेली. रिकाम्या घरात भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा लिहायला घेतलंय. मी चौथी शिकलेला, मोंढ्यात पोती उचललेला माणूस. जसं बोलतो तसंच लिहिणार. कुणाला खटकलं तर खटकू द्या.

तिचं मेडिकल पदमपुऱ्याच्या वळणावर होतं. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढीच जागा. आत स्टुलावर आपा. डोक्यावरून पांढरी ओढणी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कानामागं पेन आणि गालात लवंग. लवंग उजव्या गालात असली की माणसानं खुशाल बोलावं. डाव्या गालात गेली की समजायचं, आता आपलं काही खरं नाही.

तिचा बाप निजामाच्या वेळी एका दवाखान्यात औषधं मिसळून द्यायचा. पोलिस ॲक्शननंतर त्याचे भाऊबंद उठून गेले, तो इथंच राहिला. लेकीला त्यानं औषधांचं रीतसर शिक्षण दिलं. तिचं सर्टिफिकेट दुकानात काचेत लावलेलं होतं आणि कुणी जास्त बोललं की ती मान न वळवता पेनानं तिकडं दाखवायची. लग्न तिनं केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं मला जुलाबाचं औषध दिलं असतं.

चिठ्ठी हातात घेतली की आधी ती स्वतः वाचायची, ओठ हलवत. मग प्रश्न. "कुणासाठी? आणखी कोणती गोळी चालू आहे? कशानं अंगावर पुरळ येतं का? पोटात काय आहे?" हे सगळं भर रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. एकदा सिल्लोडकडची एक सासू सुनेला घेऊन आली होती. सुनेच्या तोंडावर मुरमं, त्याची चिठ्ठी. आपानं चिठ्ठी वाचली आणि सुनेला विचारलं, "दिवस गेलेत का?"

सासू तापली. "बाई, मुरमाचं औषध मागितलंय. तुला काय करायच्या चौकश्या?"

"ही गोळी पोटातल्या लेकराला नासवते. मुरमं काय, आज आहेत, उद्या नाहीत. नातू नको असंल तर सांगा, लगेच देते."

सुनेनं खाली बघून बोटावर काहीतरी मोजलं. सासूनं चिठ्ठी घेतली आणि दोघी आल्या पावली डॉक्टरकडं परत गेल्या.

एकदा एका पुढाऱ्याचा माणूस जीपमधून उतरला. "साहेबांना झोप लागंना. झोपेच्या गोळ्यांची एक पट्टी दे. चिठ्ठी उद्या पाठवतो."

"मग झोप बी उद्याच येईल," आपा म्हणाली.

"साहेब कोण आहेत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे म्हणून तर देत नाही. साहेब सकाळी उठले नाहीत तर सगळं शहर माझ्या दारात येईल."

तो बडबडत गेला. आपानं लवंग डावीकडून उजवीकडं आणली आणि मला म्हणाली, "बोल कडूबा, तुला काय झालंय? नाव असं ठेवलंय की औषधाची चव बघायलाच नको."

माझं बाजूला ठेवा. आम्ही तिच्याकडं जायचो ते गयासाठी. गयाला साखर निघाली, मग प्रेशर निघालं. डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या. गया एक अक्षर शिकली नव्हती. पहिल्याच महिन्यात तिनं काय करावं? पट्ट्या कपाटात सरकतात, सांडतात म्हणून सगळ्या गोळ्या फोडल्या आणि स्टीलच्या डबीत भरून ठेवल्या. साखरेच्या, प्रेशरच्या, माझ्या अंगदुखीच्या, सगळ्या एकत्र. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोल. सकाळी डबी उघडायची, तीन उचलायच्या, पाण्याबरोबर घ्यायच्या. वर मला म्हणाली, "तीनच सांगितल्यात ना? तीनच घेते."

मी कौतुकानं ती डबी आपाला दाखवायला नेली, गयाही बरोबर होती. बायको किती टापटिपीची आहे, असं वाटलं होतं मला. आपानं डबी उघडली, आत बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. तो काढला की भीती वाटायची.

"यातली साखरेची कुठली?"

मी एक उचलली.

"ही?"

दुसरी उचलली.

"कडूबा, पट्टी फोडली की गोळीचं नाव गेलं, गाव गेलं, तारीख गेली. मग ती कुणाचीच नाही. अशी गोळी तोंडात घालशील का तू? रस्त्यावर कुणी दिलेली?"

सगळी डबी तिनं आमच्यासमोर मोडीत काढली. पैसे वाया गेले म्हणून गया आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही मीच डबी भरली होती. नव्या पट्ट्या दिल्या तेव्हा मात्र आपानं गयाला आत स्टुलाजवळ बोलावलं. कानामागचं पेन काढलं आणि प्रत्येक पट्टीच्या पाठीवर चित्र काढलं. सकाळच्या गोळीवर सूर्य. रात्रीच्या गोळीवर चंद्र. जेवायच्या आधी घ्यायची त्याला रिकामं ताट, जेवल्यावर घ्यायची त्याला भरलं ताट, म्हणजे गोलात चार ठिपके. "आता तुला कुणाला विचारायची गरज नाही," ती म्हणाली. "याला तर अजिबात नाही."

तेव्हापासून दर महिन्याला चित्रं काढून घेतल्याशिवाय गया पट्टी पिशवीत टाकत नव्हती. सूर्य जरा वाकडा आला तरी म्हणायची, "आपा, आज ढगाळ काढला."

नवरात्रातली गोष्ट सांगतो, म्हणजे आपा काय होती ते कळेल.

गयाचे नऊ दिवसांचे उपास. दिवसभरात चहा आणि वाटीभर भगर, तीही संध्याकाळी. पण गोळी म्हणजे डॉक्टरचा हुकूम. सूर्याची गोळी सूर्य उगवला की घ्यायचीच. पट्टीवरचं ताट भरलेलं आहे हे ती विसरली, का उपासात ताट कसलं असं तिला वाटलं, कुणास ठाऊक. पाचव्या माळेला सकाळी गोळी घेतली आणि बायांबरोबर पायी कर्णपुऱ्याच्या देवीला निघाली. मी मागून होतो.

दर्शन करून परत येताना आपाच्या दुकानाजवळ गयाचे पाय लटपटले. खाली बसली. घुमल्यासारखी डोलायला लागली, हात थरथरायला लागले, काहीबाही बोलायला लागली. मला ओळखंना. बायांनी गोल केला. कुणीतरी म्हणालं, अंगात आलं. एकीनं कुंकू लावलं, दुसरी पाया पडली, तिसरीनं विचारलं, "आई, माझ्या पोराला नोकरी कधी लागंल?" आणि मी, मी हात जोडून उभा होतो. खोटं कशाला सांगू? मलाही देवीच वाटली. जरा छाती फुगली होती माझी.

आपा दुकानातून उतरली. मी तिला पायऱ्या उतरताना कधी बघितलं नव्हतं. बायांना बाजूला सारून ती खाली बसली आणि गयाच्या कपाळाला, मानेला हात लावला.

"घामानं भिजली आहे. गार पडली आहे. कडूबा, सकाळी गोळी घेतली का हिनं?"

"घेतली."

"खाल्लं काय?"

"उपास आहे, आपा."

तिनं माझ्याकडं जसं बघितलं ते मी विसरणार नाही. पळत जाऊन पेल्यात साखर कालवून आणली. एक म्हातारी आडवी आली. "ए बाई, अंगात आलेल्या बाईचा उपास मोडतीस व्हय?"

"मावशी, देवी आली असंल तर गोड पाणी पिऊन जाईल. साखर उतरली असंल तर ही बाई उठून बसंल. दोन्हीकडून तुमचं काय बिघडतं?"

आपानं गयाला विचारलं, "गिळता येतंय? गिळ बघू," आणि चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. एकदम नाही. थांबून, गिळलेलं बघून. पेला अर्धा झाला तसं गयाचं डोलणं थांबलं. सगळा पेला संपल्यावर तिनं डोळे नीट उघडले, समोर आपाला बघितलं आणि म्हणाली, "पट्टी संपली नाय अजून. मला कशाला आणलं इथं?"

नोकरीचं विचारणारी हळूच निघून गेली. मला हायसं वाटलं, पण आपा तिथंच थांबली नाही. "आता रिक्षा कर आणि दवाखान्यात ने. ही गोळी दिवसभर खाली ओढते. आत्ता उठली म्हणून घरी नेशील आणि दुपारी परत पडंल."

तसंच झालं. दवाखान्यात दुपारी साखर पुन्हा उतरली. पण तिथं डॉक्टर होते. गया त्यानंतर अठरा वर्षं जगली. ती अठरा वर्षं मी आपाच्या त्या पेल्यातली समजतो.

पुढच्या महिन्यात दुकानात गेलो तर भिंतीवर मोठं कॅलेंडर लागलेलं. त्यावर लाल पेनानं गोल. चतुर्थ्या, एकादश्या, श्रावणी सोमवार, नवरात्र आणि आख्खा रमजान. कुणाचा उपास कधी, हे त्या दुकानात जितकं माहीत होतं तितकं देवळात आणि मशिदीतही नसंल. गोल जवळ आला की साखरेच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारणार, "उपास करणार का? मग आधी डॉक्टरकडं जा. गोळी कमी करायची, वेळ बदलायची का बंद ठेवायची, ते डॉक्टर सांगंल. मी नाही सांगणार. तू स्वतः तर अजिबात ठरवायचं नाही." रोजे धरणाऱ्यांनाही हेच. धर्मात लुडबुड करते म्हणून एक मौलवीसाहेब तिला म्हणाले, "बेटी, तू दीन में दखल देती है." ती म्हणाली, "हुजूर, दीन में नहीं, शुगर में."

तिला आपली मर्यादा ठाऊक होती, हे मला तिचं सगळ्यात मोठं वाटतं. एक वर्षी गयाला कोरडा खोकला लागला. दोन महिने हटंना. आम्ही अडुळसा केला, हळद-दूध केलं, लाल पातळ औषधाच्या तीन बाटल्या झाल्या. चौथी मागायला गेलो तर आपा म्हणाली, "खोकला कधीपासून आहे?" गयानं सांगितलं, दिवाळीपासून. आपानं डोळे मिटून आठवलं. "प्रेशरची नवी गोळी दिवाळीच्या आधी आठ दिवस सुरू झाली. त्या गोळीनं काही लोकांना खोकला लागतो." मी म्हणालो, मग बंद करतो आजच. लवंग डाव्या गालात गेली. "बंद करायला तू कोण? प्रेशर वर गेलं तर मेंदूत रक्त फुटंल. ही चिठ्ठी घे, डॉक्टरला दाखव." तिनं कागदावर दोन ओळी लिहिल्या. डॉक्टरनं वाचलं, मान हलवली आणि गोळी बदलली. पंधरा दिवसांत खोकला गेला. आपाला सांगायला गेलो तर म्हणाली, "तीन बाटल्या खोकल्याचं औषध विकलं मी तुला. आधी विचारायला पाहिजे होतं. माझी चूक झाली." असं म्हणणारा दुकानदार मी दुसरा बघितला नाही.

माझ्या गुडघ्यांचंही सांगून टाकतो. शेजारच्या भीमरावच्या दुखीच्या गोळ्यांनी मला आराम पडला, म्हणून मी त्याच मागायला गेलो. रोज दोन, उपाशीपोटी, तीन महिने चालू होत्या. आपानं चार माणसांत विचारलं, "संडासला काळं होतं का?" मला एवढी लाज वाटली की मी नाही अशी मान हलवून सरळ घरी आलो आणि आठवडाभर दुसऱ्या दुकानातून आणल्या. तिथं कुणी काही विचारलं नाही, लई बरं वाटलं. आठव्या दिवशी मोंढ्यात चक्कर येऊन पडलो. पोटात आतून रक्त जात होतं. बरा झालो, पण सकाळी जेवून घ्यायची एक गोळी कायमची मागं लागली. तिची चिठ्ठी घेऊन आपासमोर गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लाज वाचली का?"

दुसऱ्यांना वेळेवर औषध घ्यायला लावणाऱ्या या बाईला काचबिंदू होता. डोळ्यांत रोज थेंब घालायचे असायचे. दुकानात गर्दी असली की ती विसरायची. गिऱ्हाइकाचा सूर्य-चंद्र काढता काढता स्वतःचा उजेड तिनं घालवला. मी एकदा बोललो तर म्हणाली, "मला माहीत आहे रे. माहीत असून होतं, हेच तर वाईट." तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. एक डोळा पूर्ण गेला, दुसऱ्यानं नुसतं सावलीसारखं दिसायचं. दुकानामागच्याच खोलीत राहायची.

दुसऱ्या दुकानातून आणलेल्या पट्ट्या कोऱ्या असायच्या. पहिल्या दिवशी गया त्या हातात घेऊन बसली. मी म्हणालो, मी काढतो चित्रं. "तुला भाकरीएवढा चंद्र येईल," ती म्हणाली. मग माझंच पेन घेतलं आणि पट्टी मांडीवर ठेवून, दात आवळून, पेन रुतवून रुतवून तिनं चंद्र काढला. आयुष्यात पहिल्यांदा पेन धरलं होतं. पुढं दर महिन्याला तीच काढायची.

गया एक दिवस दुपारी गेली. बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दिवस-कार्य झालं, पाहुणे गेले, मग मी कपाट उघडलं. रात्रीची चंद्राची गोळी मी द्यायचो, कारण संध्याकाळनंतर तिला नीट दिसत नव्हतं. उरलेल्या गोळ्या मोजल्या. एक जास्त होती. पुन्हा मोजल्या. एक जास्तच.

महिनाभर मी कुणाला बोललो नाही. जेवण जाईना. शेवटी सगळ्या पट्ट्या पिशवीत घातल्या आणि आपाकडं गेलो. दार उघडंच होतं. ती बाजेवर बसलेली. पावलांवरून ओळखलं. "कडूबा. गयाचं कळलं मला. मला कुणी आणलं नाही रे तिकडं. बस."

मी पिशवी पुढं ठेवली. "भीमरावलाही साखर आहे. नव्या पट्ट्या आहेत. त्याला द्याव्या का?"

"साखर तीच असंल, भीमराव तोच आहे का? त्याची किडनी तू तपासलीस?" आवाज तोच होता. "काढ बाहेर. एकेक हातात दे आणि वाचून दाखव."

मी अक्षरं लावत लावत वाचायला लागलो. चुलीपाशी चहाचा ओला चोथा होता, तो तिनं जुन्या डब्यात घ्यायला लावला, त्यात कालवलेली गोळी कुणी उचलून खाणार नाही म्हणून. मी नाव वाचायचो, ती अंगठ्यानं गोळ्या डब्यात फोडायची. "ही साखरेची. हिनं तिच्या पोटात गुडगुड व्हायची, पहिला महिना. ही प्रेशरची, खोकल्यानंतरची. ही पाय सुजले तेव्हाची." गयाची दुखणी माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ होती.

चंद्राची आख्खी पट्टी दिली तेव्हा माझा हात थांबला. तिला कळलं. "काय झालं?"

"आपा, एक गोळी चुकली माझ्याकडून. एक तारखेला तीन पट्ट्या आणल्या. तीस गोळ्या. त्याच रात्री पहिली दिली. ती सतराला गेली. सतरा दिवसांच्या सतरा संपायला पाहिजे होत्या, तेरा उरायला पाहिजे होत्या. चौदा उरल्या. मी विसरलो एका रात्री. त्यानंच गेली का ती?"

लवंग कुठल्या गालात आहे ते मी बघत होतो.

"किती वाजता गेली?"

"दुपारी. तीनच्या सुमाराला."

"मग सतराची रात्रीची कोण घेणार होतं?"

मी बोटांवर पुन्हा रात्री मोजायला लागलो.

"सोळा रात्री, सोळा गोळ्या," ती म्हणाली. "बरोबर आहे. ही एका रात्री चुकली असती तरी तिनं माणूस जात नाही. पण तुझी चुकलेली नाही. हे मी तुझं मन राखायला सांगत नाही. मोजून सांगते."

मी तोंडाला उपरणं लावलं. तिनं मला रडू दिलं आणि आपलं काम चालू ठेवलं. दहा गोळ्या एकेक करून डब्यात पडल्या. मग तिनं हात पुढं केला.

"चौदा म्हणालास. दहाच पडल्या. खिशातली काढ."

"ती राहू द्या, आपा. तिच्या उशाला होती."

"दे."

मी दिली. तिनं पट्टी पालथी केली आणि पाठीवरून अंगठा फिरवला. चांदीच्या कागदावर पेन खोल रुतलेलं होतं. अंगठा त्या रेघेवरून गोल गेला, परत आला.

"हा माझा नाही. मी एवढं दाबत नाही."

"गयानं काढलाय."

"गयानं?" तिनं पुन्हा एकदा अंगठा फिरवला. "चांगला काढलाय. पौर्णिमेचा आहे."

उरलेल्या चार गोळ्या तिनं डब्यात फोडल्या आणि रिकामी पट्टी माझ्या हातावर ठेवली. "ही ने. गोळ्या नाही."

मी उठलो. दारापाशी गेलो तर मागून आवाज आला, "कडूबा, तुझी सकाळची घेतलीस?"

"घेतली."

"जेवून?"

मी चपला शोधायला लागलो. आपानं चोथ्याचा डबा झाकला, हात धुतले आणि भिंत चाचपत दुरडीपर्यंत गेली. भाकर काढली, ताटात ठेवली, वर मिरचीचा ठेचा. ताट तिनं बोटांनी जमीन चाचपत माझ्या बाजूला सरकवलं.

"भरलं ताट," ती म्हणाली. "बस."